पुसायची कधी? तीन बंदुकांची वही, बेळगाव–खानापूर, २०२४

११ फेब्रुवारी, रविवार

रेंजवर आज परत तेच भांडण. क्लबची पॉइंट टू टू (.२२ इंची) रायफल तिसऱ्या मालिकेपासून सैलावली. दहाच्या रिंगमध्ये बसणाऱ्या गोळ्या आठ-नऊला पसरायला लागल्या. मामांनी बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढून नळी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "धुराडं झालंय रे. किती दिवस झालं पुसून?"

कोच सर घाईघाईनं पुढं आले. "सुभेदार साहेब, नळीला हात लावू नका. आत्ता कुठं बसलीय ती."

मामा मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि सुभेदार होऊन घरी आले. फायर झाला की त्याच दिवशी सफाई, आणि पुढचे तीन दिवस रोज परत सफाई, हे त्यांच्या अंगात मुरलंय. नळी फायरनंतर घाम गाळते म्हणतात. कोच सरांचं दुसरं टोक: पॉइंट टू टूची नळी पुसली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवर बसणारा गोळ्यांचा घोळका, बिघडतो, म्हणून वर्षभर पुसूच नये. दोघंही मला अडाणी समजतात. म्हणून मी ही वही घातली.

वहीत तीन बंदुका. पहिली क्लबची पॉइंट टू टू, बोल्ट अ‍ॅक्शन, ५० मीटरची. दुसरी आजोबांची १२ बोअर दुनळी, आता लायसन माझ्या नावावर. तिसरी जांबोटीकडच्या आप्पांची ठासणीची, पीक राखणीची. रकाने चार आखलेत: तारीख, किती बार, काय साफ केलं, काय बिघडलं. उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथच्या मेंटेनन्सची वही तिथं रोज भरतो, त्यामुळं सवय आहे.

नोंद घ्यायच्या आधी दर वेळी पहिली ओळ एकच: बंदूक उघडली, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं, बोटानं चाचपून बघितलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

साफ करायच्या आधी साफ करायची हत्यारं बघितली, आणि ग्रुप बिघडायचं निम्मं कारण तिथंच सापडलं असं वाटतंय. क्लबचा नळी साफ करायचा गज तीन तुकड्यांचा, लोखंडी, आट्यांनी जोडायचा. जोडावरून नख फिरवलं तर अडकतं. हे अडकणं पोरं इतकी वर्षं नळीच्या तोंडाकडून आत-बाहेर घासत होती.

नळीचं तोंड म्हणजे गोळीला शेवटचा स्पर्श करणारी कड. ती एका बाजूनं झिजली की मागून येणारा गॅस गोळीच्या बुडाला एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळी कलते. नळी कितीही चकचकीत करा, ते भरून येत नाही. भिंग लावून बघितलं. उजव्या अंगाला कड किंचित चमकते. किंचितच, पण आहे.

गज भंगारात टाकला. अखंड, वरून प्लॅस्टिकचं वेष्टण असलेला गज मागवला. दुपारी लेथवर डेलरिनचा (कडक प्लॅस्टिकचा) गाइड काढला: मागच्या बाजूनं बोल्टच्या जागी बसतो, पुढचं टोक चेंबरात जातं, मधलं भोक गजापेक्षा केसभर मोठं. गज मधोमध चालतो, घासत नाही. पहिला तुकडा ढिला झाला, दुसरा जमला. कामगार विचारत होता, "साहेब, हे कुठल्या पंपाचं?"

२५ फेब्रुवारी, रविवार

नळी मागून साफ केली. ओला पॅच (कापडाचा तुकडा), पितळी ब्रश दहा वेळा, मग कोरे पॅच, शेवटचा पांढरा निघेपर्यंत. एकोणीस पॅच लागले. पहिल्या सहा-सात पॅचवर काळ्यात राखाडी चमक होती, ते शिसं.

मग ५० मीटरवर, रेतीच्या पिशव्यांवर टेकून. कोच सर शेजारी खुर्ची टाकून बसले, मजा बघायला. पहिली गोळी वर, दुसरी डावीकडं, पाच गोळ्यांचा ग्रुप नुसता विखुरला. ह्या टार्गेटवरची दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी. तिच्यात एक शिरेना. सर काही बोलले नाहीत, नुसतं मिशीत हसले.

पंधराव्या गोळीपासून मात्र ग्रुप आवळत आला आणि विसाव्यानंतर सकाळपेक्षा चांगला झाला. पॉइंट टू टूच्या गोळीला बाहेरून मेणाचं वंगण असतं. साफ नळीत त्याचा थर सगळीकडं सारखा बसेपर्यंत प्रत्येक गोळीला वेगळा रस्ता मिळतो. थर बसला की नळी शांत. सरांचं निम्मं खरं निघालं. मात्र "बसलेली" आणि "तुंबलेली" ह्यातली रेघ कुठं आहे ते त्यांनाही सांगता येईना.

ठरवलं: आता नळीला हात लावायचा नाही, फक्त मोजत जायचं.

१० मार्च, रविवार

पॉइंट टू टू, साफ केल्यापासून ३४० बार. ग्रुप अजून चांगला. पण काडतूस आत बसताना आता अंगठ्याला जोर लागतो, आणि दोनदा रिकामी केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) बाहेर यायला कुरकुरली.

नळी दोषी नाही, चेंबर दोषी आहे. चेंबर संपतं आणि गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे सुरू होतात तिथं काजळी, मेण आणि शिसं ह्यांचं कडं जमतं. नुसती काजळी असती तर गोष्ट वेगळी. पॉइंट टू टूच्या काडतुसाच्या कडेत जो मसाला भरलेला असतो, त्यात घर्षणासाठी बऱ्याचदा काचेची बारीक पूड असते. ती जळत नाही. म्हणजे हे कडं एक प्रकारचा पॉलिश पेपर आहे, आणि आपण त्याच्यावरून ब्रश ओढत नळीभर फिरवतो. म्हणून ब्रश नुसता चेंबरपुरता, दोन बोटं आत, गोल फिरवून बाहेर. वर पॅच. नळी तशीच ठेवली. नंतर चौथ्याच गोळीला ग्रुप जागेवर.

एक वेगळा रकाना हवा: "चेंबर" आणि "नळी" एकाच खान्यात लिहीत होतो, तो गाढवपणा.

१६ मार्च, शनिवार

लोकसभेच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली, आचारसंहिता लागली. आमच्याकडं मतदान ७ मे. बंदुका जमा करा असा निरोप येणारच. क्लबच्या खेळाच्या रायफलींना सूट मिळते, दुनळीला नाही.

२० मार्च, बुधवार

दुनळी ठाण्यात जमा. ऊन मी म्हणत होतं. मोटारसायकलवरून उतरलो, कातडी म्यानातून काढून साहेबांना दाखवली, नंबर वाचून घेतला, परत म्यानात घातली. पावती खिशात. रांग मोठी होती, खानापूरकडचे बरेच जण.

बार शून्य. सफाई: फेब्रुवारीत केलेली, तीच.

१४ एप्रिल, रविवार

दुनळीचा रकाना कोरा. पॉइंट टू टू ५९० बार. चेंबर आणखी दोनदा पुसलं, साधारण शंभर-सव्वाशे बारांनी कुरकूर सुरू होते असं दिसतंय.

आज एका मुलाचं पॉइंट टू टू पिस्तूल दर मॅगझिनला अडकत होतं. रायफलीत बोल्ट आपण हातानं ओढतो, काजळी असली तरी मनगट ढकलून नेतं. पिस्तुलात ते काम काडतुसाच्या धक्क्यानं व्हायचं, आणि ह्या काडतुसाचा धक्का तो केवढा. मेण आणि काजळीचा चिकटा स्लाइडला (पिस्तुलाचा मागं-पुढं सरकणारा वरचा भाग) अडवायला पुरतो. नळी न बघता एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामी केस ओढून काढणारा) नखा तेवढा टूथपिकनं कोरला, वाळलेल्या डांबरासारखं निघालं. पुढं अडकलं नाही. म्हणजे चालणं आणि नेम हे दोन वेगळे आजार आहेत. पिस्तूल दर सरावानंतर, रायफलीची नळी नाही.

एअर रायफलवाल्या पोरांना दटावलं. त्यातल्या एकानं नळीत शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. हवा दाबली जाताना ते आत पेटतं, गोळीचा वेग भलताच चढतो आणि सील जातं.

१२ जून, बुधवार

दुनळी परत मिळाली. ४ जूनला निकाल लागला, दोन दिवसांनी आचारसंहिता उठली, मला आज वेळ झाला. येताना पावसानं गाठलं.

घरी आल्यावर म्यानातून काढली आणि हातच गळाले. उजव्या नळीवर गंजाचे ठिपके, म्यानाचे बंद होते त्या बाजूला पट्टाच. एक डाग अगदी वेगळा. लांबट गोल, त्यात बारीक रेघा. अंगठ्याचा ठसा. तांबड्या गंजात छापलेला, टपाल तिकिटावरचा शिक्का असतो तसा.

जाम चिडलो. कुणी धरली, कुणी पुसायची तसदी घेतली नाही, असं सगळं मनात म्हणून झालं. मामा बाजूला बसले होते. म्हणाले, "धर बघू. नेहमी धरतोस तशी."

धरली. डावा हात नळ्यांच्या खाली, अंगठा वर. अंगठा बरोबर त्या डागावर पडला.

२० मार्चच्या उन्हातला माझाच घाम. घामात मीठ असतं, ते हवेतलं पाणी ओढून धरतं. वर कातडी म्यान. कातडं कमावताना वापरलेले क्षार त्यात राहतात आणि ते ओल सोडत नाही. मे महिन्यात वळीव पडले, पुढं जूनची हवा. बंदूक तीन महिने जागची हलली नाही, एक बार उडाला नाही, आणि वहीतल्या तिघींत सगळ्यात वाईट अवस्था हिची.

मामांच्या खिशात तंबाखूची जुनी डबी असते. तंबाखू सोडून वीस वर्षं झाली, त्यात तेलाचं फडकं असतं, पिवळं पडलेलं फ्लॅनेल. रेंजवर कुणाचीही रायफल हातात घेतली की परत देताना ते नळीवरून एक हात फिरवतात. मी समजायचो लकब आहे.

वहीत आणखी एक रकाना आखला: किती हात लागले.

१५ जून, शनिवार

गंज काढला. दोन दिवस तेलात भिजवून ठेवला होता. नंतर सगळ्यात बारीक स्टील वूल, चार शून्याची, तेलात बुडवून, दाब न देता. सँडपेपर अजिबात नाही, त्यानं गंजाबरोबर नळीचा निळा रंगही जातो. ठिपके गेले. अंगठ्याचा डाग गेला, पण उजेड तिरपा पडला की बारीक खड्डे दिसतात. राहतील ते.

नळ्या आतून बऱ्या होत्या. नव्या काडतुसांचा धूर आणि टोपी (ठिणगी देणारी) दोन्ही पूर्वीसारखी खारट नाहीत, त्यामुळं एक-दोन बारांनंतर रात्रभर राहिली तर आभाळ कोसळत नाही. नळीत लांब चट्टे दिसले ते प्लॅस्टिकच्या वॉडचे (दारू आणि छर्र्यांमधला कप), ब्रशनं निघाले.

दुसराच एक शोध लागला. दस्ता आणि लोखंड जिथं मिळतं तिथलं लाकूड काळंकुट्ट, नखानं दाबलं तर खोल जातं. आजोबांचा तेलावर फार जीव. बंदूक दस्त्यावर उभी करून कपाटात ठेवायचे, वरून ओतलेलं तेल पन्नास वर्षं कळेतून झिरपत लाकडात गेलं. इतकी काळजी घेतलेली बंदूक मी दुसरी बघितली नाही, आणि त्या काळजीनंच लाकूड कुजवलं. आता तोंड खाली करून ठेवली, खाली घडी केलेलं धोतर. तेल उतरू दे वाटेल तेवढं. फायरच्या आधी मात्र नळी कोरड्या पॅचनं पुसायची, तेल साठलेल्या नळीतून बार काढायचा नाही.

म्यान फेकलं नाही, आजोबांचं आहे. पण आता फक्त नेण्या-आणण्यापुरतं. बंदूक कपाटात, कपाटाच्या तळाला १५ वॅटचा बल्ब चालू. आर्द्रतामापक आणला: बाहेर ८८, कपाटात ५४. बायको म्हणाली, "दिवे देवाला कमी आणि बंदुकीला जास्त लागायलेत."

७ जुलै, रविवार, जांबोटीकडं

आप्पांकडं गेलो. मलप्रभा कणकुंबीत उगमते आणि तिकडचा पाऊस नदी जन्माला घालायच्याच तोलाचा. रोप लावणी चालू. रात्री गवे शेतात उतरतात, म्हणून आप्पा नुसत्या दारूचा बार काढतात, आवाजासाठी. छर्रा नाही, काही नाही.

काल रात्री दोन बार झाले होते. म्हटलं, सकाळी साफ करू. आप्पा म्हणाले, "सकाळपर्यंत? खुळा हाईस काय? रातीच झालंय ते." तरी माझ्यासाठी त्यांनी आज दुपारी परत एक बार काढला आणि लगेच धुवायला घेतली.

धुवायलाच घेतली. न्हाणीतला हंडा पेटता होता. नळी दस्त्यापासून सोडवली, टोपी बसते ती छोटी तोटी पान्यानं काढली, नळीचं बूड बादलीतल्या कढत पाण्यात बुडवलं. वरून गजाला चिंधी गुंडाळून पंपासारखं वर-खाली. तोटीच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं, परत फेकलं जातं. पहिलं पाणी शाईसारखं काळं, आणि वास सडक्या अंड्याचा. दुसरं राखाडी. तिसरं स्वच्छ. नळी इतकी तापली की फडक्याशिवाय धरवेना, आणि दोन मिनिटांत आपोआप वाळली. वाळता वाळता आप्पांनी तेल लावलं, कारण थांबलं तर डोळ्यांदेखत तांबूस झाक येते.

काळ्या दारूत सोरा शंभरात पंचाहत्तर भाग, बाकी कोळसा आणि गंधक. जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घनच राहतो, काही धुरातून उडतो, उरलेला राख म्हणून नळीत बसतो, आणि त्यात पोटॅशचे क्षार. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वरून तेल लावणं म्हणजे मिठावर झाकण ठेवणं.

परत आल्यावर मामांना सांगितलं तर ते खूश. त्यांच्या उस्तादांच्या वेळी थ्री नॉट थ्री रायफल होती. फायर झाल्यावर नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतायचे. त्या काळच्या टोप्यांच्या मसाल्यातही असाच क्षार निघायचा. मामांच्या हातात पुढं सेव्हन सिक्स टूची रायफल आली, त्यात पाण्याचं काम राहिलं नाही, पण पिस्टनवर कार्बन बसायचा आणि रोज सफाईचा हुकूम तसाच राहिला. "तीन दिवस घाम गाळते" हे उस्तादांचं वाक्य. ते क्षाराबद्दल होतं. मामा म्हणाले, "आम्हाला कारण कुणी सांगितलं नाही, सफाई तेवढी सांगितली."

१ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी वर्कशॉपच्या मशिनी बंद. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. ४५१.४ गुण. आमची हीच गोळी, हेच अंतर. कोच सरांचा फोन आला, बोलता येत नव्हतं त्यांना.

४ ऑगस्ट, रविवार

रेंजवर जत्रा. निपाणी, खानापूर, शहापूर, सगळीकडून आई-बाप पोरं घेऊन आलेत. एरवी सहा जण असतात. रायफल दिवसभर हातोहात फिरली. वहीत लिहिलं: बार ७०, हात ३१.

पॉइंट टू टूची नळी फेब्रुवारीपासून पुसलेली नाही. आता ९१० बार. साधारण आठशेच्या पुढं ग्रुप उघडायला लागला होता, आज टेकून मारली तरी दोन गोळ्या नऊला. नळी साफ केली, सतरा-अठरा गोळ्या बसवल्या, ग्रुप परत आवळला. कोच सरांनी बघितलं आणि "बरं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं पुरे. ही रायफल, हे काडतूस, एवढ्यापुरतं सातशेला साफ करायचं ठरलं. मॅचच्या आठवड्यात नाही, त्याच्या आधीच्या.

पॅच बघताना एक गोष्ट: पहिला पॅच काळा, पण तांबूस अजिबात नाही. जुलैभर बेळगावात ऊन दिसलं नाही, आणि नळीला आतून गंज नाही. ते मेण आणि शिसंच तिला झाकून होतं. बाहेरून मात्र एकतीस हात. बोल्टच्या मुठीवर संध्याकाळीच चिकट डाग होते. मामांनी डबी काढली, फडकं टेबलावर ठेवलं आणि रांगेतल्या पोरांना म्हणाले, "रायफल खाली ठेवायच्या आधी हे. मग नेम शिकवतो."

१८ ऑगस्ट, रविवार

फडकं चोरीला गेलं. नवीन सहा कापले, चार इंच बाय दोन. मामांचं माप.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी शस्त्रपूजा. आईनं पाटावर दुनळी, विळा, कोयता, माझा मायक्रोमीटर, सगळं मांडलं. हळदीकुंकू ओल्या बोटानं थेट नळीवर, वर फुलं, वर नारळाच्या पाण्याचे शिंतोडे. वहीतले सगळे शत्रू एका जागी.

"आई, नळीवर नको."

"मग कुठं लावू? बंदुकीला कपाळ कुठलं?"

मामांनी निकाल दिला. कुंकू दस्त्यावर, लाकडावर. नळीवर फूल वाहायचं, तेही कोरडं. आईचं म्हणणं उद्यापर्यंत पूजा हलवायची नाही. मान्य. ती देवघरात वळल्यावर नळीवरचं आधीचं कुंकू पुसून घेतलं, तेलाचा हात फिरवला. आईनं बघितलं असावं, बोलली नाही. सोनं लुटायला पाहुणे आले, प्रत्येकानं दुनळी उचलून बघितली, आजोबांची आठवण काढली.

१३ ऑक्टोबर, रविवार

बार ०. हात ७. नळी पुसली. दस्त्यावरचं कुंकू ठेवलं.